नंबर कुणाच्या नावावर

गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

आधी एक दुरुस्ती. मंगळवारी मी इथे लिहिलं की अण्णांनी सगळ्यांना विचारून फॅमिली प्लॅन घ्यायचं ठरवलं. ते खरं नाही. अण्णांनी कुणालाच विचारलं नाही. जेवताना त्यांनी सांगितलं, आणि नंतर विचारलं ते फक्त आईंना, की सगळ्यांची आधार कार्डं कुठे ठेवली आहेत. मी ‘विचारून’ लिहिलं, कारण तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. असं पुन्हा करायचं नाही.

झालं ते असं. सोसायटीचं आणि केबलवाल्याचं भांडण झालं आणि आमच्या इमारतीतलं वायफाय बंद पडलं. आता सगळं मोबाइलच्या नेटवर. म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घरातले चारही नंबर एका पोस्टपेड प्लॅनमध्ये घ्यायचं काढलं आहे. मुख्य नंबर त्यांचा, बाकीचे त्याला जोडलेले. आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, आणि माझ्या नवऱ्याचा, अपूर्वचा, नंबर आधीपासून अण्णांच्याच नावावर आहे. कंपनीही आम्हा सगळ्यांची एकच. फक्त माझा नंबर प्रीपेड आहे आणि माझ्या नावावर आहे. तोही त्यांच्या नावावर करून घ्यायचा म्हणतात. रविवारी कंपनीचा माणूस घरी येणार आहे.

“एक घर, एक नाव, एक बिल. भानगडच नाही,” अण्णा म्हणाले. “आणि पोस्टपेडला रेंज जास्त. प्रीपेडवाल्यांना कंपनी उरलीसुरली देते.”

“असं काही नसतं, अण्णा,” अपूर्व म्हणाला.

“तुला काय माहीत? तुझं बिल मी भरतो.”

सगळे हसले. मीही हसले. मग म्हणाले, “मी आधी रेंज आणि स्पीड मोजून बघू का? माझे क्लास असतात ना.”

“बघ की! घरात शास्त्रज्ञ असून उपयोग काय नाहीतर?”

अण्णा चांगले आहेत. जूनमध्ये मी घरून शिकणाऱ्या तीन मुलींना व्हिडिओवर शिकवायला लागले, तेव्हा त्यांनी न सांगता टेबलाला दिवा लावून दिला. दम्यामुळे मीसुद्धा चौथीपर्यंत शाळेत न जाता माहेरी मोहन्याला घरीच, बाबांकडे शिकले, म्हणून मला या मुलींना शिकवणं जमतं. हल्ली संध्याकाळचा तिसरा क्लास अडकतो. माझं चित्र थिजतं आणि तिकडून त्या मुलीची आई म्हणते, “मॅडम, तुमचं तोंड उघडंच राहिलंय.”

म्हणजे मला चिंता आहे ती नेटवर्कची. नंबर कुणाच्या नावावर आहे याच्याशी माझं काही नाही. हे नीट लिहून ठेवते.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज दुपारी घरभर रेंज मोजली. आईंनी मदत केली. मी आकडे बघायचे आणि त्यांनी फोन धरून मी सांगेन तिथे उभं राहायचं. हॉलमध्ये उत्तम. स्वयंपाकघरात बरी. आमच्या खोलीत खिडकीशी ठीक, पण कपाटाच्या कोपऱ्यात शून्य. मागे नवा टॉवर उभा राहिलाय, म्हणजे फ्लॅटचा टॉवर, मोबाइलचा नव्हे, तो आड येत असावा.

आई कपाटाशी फोन घेऊन उभ्या होत्या.

“म्हणजे इथे उभं राहिलं की आपण कुणाला सापडतच नाही?”

“नाही. फोनच लागत नाही.”

“बरंय की गं.”

आणि माझं मोजून झाल्यावरही त्या जरा वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मी चहा टाकला.

रविवार, ९ नोव्हेंबर

झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे नंतर मला त्यात फेरफार करता येणार नाही.

कंपनीचा माणूस सकाळी आला. सर्वेश नाव, गळ्यात ओळखपत्र. अण्णांनी चष्मा लावून ओळखपत्र वाचलं, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला. “फोटोत मिशी आहे तुम्हाला.” “काढली, काका.” “कळवायला हवं कंपनीला.” मग आईंनी पोहे दिले आणि काम सुरू झालं. अण्णांचा नंबर झाला. अपूर्वचा झाला. आईंचा झाला, आईंच्या फोनवर आलेला ओटीपी अण्णांनीच वाचून सांगितला.

मग माझा. सर्वेश म्हणाला, “वहिनी, ओटीपी येईल. तो मला सांगितला की नंबर काकांच्या नावावर जाईल. तेवढंच काम आहे.”

मी म्हणाले, बरं. माझे हात गार पडले होते. पंखा होता.

तेवढ्यात आई म्हणाल्या, “अगं मैथिली, तुझं आधार कार्ड दिसत नाहीये इथे. तुमच्या कपाटात असेल, बघ जरा. आणि फोन घेऊन जा. आतला दिवा गेलाय, टॉर्च लागेल.”

मी गेले. वरच्या खणात नव्हतं. आईंनी बाहेरून सांगितलं, “खालचा खण बघ!” मी खालचा पाहिला. “साड्यांच्या खाली बघ!” तिथेही पाहिलं. बाहेर सर्वेश म्हणत होता, “काका, परत पाठवतो.” मी बाहेर आले तेव्हा तीन ओटीपी एकदम आले, तिन्हींची वेळ संपलेली. सर्वेशचं यंत्र म्हणालं, आज आता या नंबरवर काही होणार नाही.

“असं कसं?” अण्णा म्हणाले.

“नाव बदलायचंय ना, काका, त्यामुळे कडक असतं. आता कंपनीच्या गॅलरीत, खोपटच्या दुकानातच यावं लागेल. दोघांनी.”

“हरकत नाही. तेवीस तारखेच्या रविवारी मी मोकळा आहे. मी आणि मैथिली जाऊन येऊ खोपटला.”

आधार कार्ड पोह्यांच्या ट्रेखाली होतं. ट्रे उचलताना आईंनाच सापडलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

प्रश्न असा आहे. कपाटाशी रेंज नसते हे मला माहीत होतं. मीच मोजली होती. मग फोन घेऊन आत जाताना ते मला आठवलं होतं का? दिवसभर विचार केला. जाताना आठवलं नव्हतं, याची जवळपास खात्री आहे. पण साड्यांच्या खाली बघताना आठवलं होतं. आणि साड्या मी जरा जास्तच नीट पाहिल्या. एकेक उचलून.

हे फसवणं झालं का? अण्णांना सांगावं का? काय सांगणार? मी माझंच आधार कार्ड फार काळजीने शोधलं म्हणून?

आणखी एक. आज संध्याकाळी आमच्या खोलीतला दिवा लावला तर लागला. आईंना चुकून वाटलं असेल गेलाय. ट्रेखालचं कार्डही त्यांनीच आणून ठेवलं होतं, असं अपूर्व म्हणाला. हल्ली आईंना विसरायला होतंय. वय फार नाही त्यांचं. काळजी वाटते. बदाम भिजत घालायला हवेत.

बुधवार, १२ नोव्हेंबर

बाबा कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. त्यांनी मला अंकांच्या आधी एक गोष्ट शिकवली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. म्हणून आज अपूर्वचं पोस्टपेड सिम आणि माझं प्रीपेड सिम माझ्याच फोनमध्ये आळीपाळीने घालून मोजलं. तो घरून काम करत होता. कुरकुरला. “अगं यार, माझी मीटिंग आहे.” पण दिलं.

सकाळी घरात: दोन्ही सारखे. कपाटाशी: दोन्ही सारखेच मेलेले. आमच्या बाळकुम नाक्यावर: सारखे. खोपटला एसटी स्टँडच्या गर्दीत: रेंज भरपूर, स्पीड मंद, आणि दोन्हींचा सारखाच मंद. म्हणजे उरलीसुरली रेंज वगैरे काही नाही. कंपनी एक, मोबाइलचा टॉवर एक, त्याला प्रीपेड-पोस्टपेड काय ठाऊक.

इथपर्यंत मला हलकं वाटत होतं.

मग संध्याकाळी, तिसऱ्या क्लासआधी, घरी पुन्हा मोजलं. माझं सिम गोगलगाय. अपूर्वचं धडाधड चालू. मी तीनदा पाहिलं. म्हणजे अण्णांचं खरं?

नाही. तेही नाही. जरा वेळाने कंपनीचा एसएमएस दिसला: तुमचा आजचा डेटा संपला आहे. मला रोजचा ठरावीक डेटा मिळतो, तो पहिले दोन क्लास खाऊन टाकतात, आणि मग कंपनी गळा आवळते. पोस्टपेडला अशी रोजची मर्यादा नाही. असे एसएमएस गेले कित्येक दिवस येत असणार. मी जाहिरात समजून उघडतच नव्हते.

म्हणजे रेंज सारखी, स्पीडही सारखा, फक्त माझ्या कामाला प्रीपेड पुरत नाही. मला पोस्टपेड घ्यायलाच हवं.

जेवताना हे सगळं मी अण्णांना जसंच्या तसं सांगितलं. न सांगणं बरोबर झालं नसतं.

“बघ!” अण्णांनी टेबलावर थाप मारली. “कारण चुकलं, पण उत्तर बरोबर आलं की नाही? मग आता प्रश्नच मिटला.”

आईंनी माझ्या पानात न मागता आमटी वाढली. मिटायला हवा होता. का मिटत नाही ते कळत नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मोहन्याला जाऊन आले. बाबा आता एकटेच असतात. गेल्या गेल्या म्हणाले, “वजन कमी झालंय. की तुझ्या सासरचे आरसे चांगले आहेत?” मग मी आणलेले आकडे बघायला बसले. फार खूश झाले. खोपटच्या आकड्यांवर शंका काढली, “किती वाजता घेतलेस?” मी सांगितलं. “मग बरोबर.”

मी म्हणाले, “बाबा, आता नंबर अण्णांच्या नावावर करायचाय.”

“मग कर की.”

“पण तो माझ्या नावावर आहे.”

“अगं, नंबर तो. घरातच राहतोय ना? मी तुला लावला की उचलणार तूच.”

“हो.”

“मग? फरक काय पडतो ते मोजून सांग.”

अठरा पूर्ण झाल्यावर मी कल्याणला जाऊन तो नंबर घेतला होता. दुकानदाराने विचारलं होतं, “वडिलांचं कार्ड आणलंय का?” आणि मी म्हणाले होते, “नाही, माझं आहे.” एवढीच गोष्ट आहे. यात मोजण्यासारखं काही नाही. बाबांना ती सांगितली तर म्हणाले, “हो, आठवतं. रिक्षा न करता चालत घरी आली होतीस, सगळ्यांना नंबर देत.”

आणि मग तेच म्हणाले, “सासरी एवढ्यातेवढ्यावरून वाद घालू नकोस हं.”

परत येताना मला बाबांचा राग आला होता. राग येण्यासारखं ते काही बोलले नव्हते, हेही लिहिते.

रविवार, १६ नोव्हेंबर

अपूर्वची मोठी बहीण हेमांगीताई डोंबिवलीहून आल्या होत्या. अण्णांनी उत्साहाने प्लॅन समजावला. ताई म्हणाल्या, “मला सांगता? माझा नंबर अजून तुमच्याच नावावर आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली.”

“असू दे की. मुलगी आमची, नंबर आमचा.”

“अण्णा, माझा फोन हरवला तेव्हा काय झालं आठवतंय का? नवं सिम द्यायला कंपनीवाले म्हणाले, ज्यांच्या नावावर आहे त्यांना आणा. तुम्ही कोकणात गेला होतात. आठवडाभर मी कुणालाच सापडत नव्हते. ऑफिसात, बँकेत, शाळेत. तुमचे जावई म्हणत होते, मजा आहे, शांत वाटतंय घर.”

सगळे खूप हसले. आईंनी ‘पुरे’ म्हणत सगळ्यांना श्रीखंड वाढलं, पण त्या हसल्या नाहीत. त्यांना ताईंची काळजी वाटली असणार.

“मग बदलून का नाही घेतला, ताई?” मी विचारलं.

“अण्णांना वाईट वाटेल गं,” त्या हळूच म्हणाल्या. “त्यांना वाटतं, नाव काढलं की आपण गेलोच.”

आता मला दोन्हीकडून वाईट वाटतंय.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

खोपटच्या गॅलरीत जाऊन आले. नुसतं विचारायला. कुणाला सांगितलं नव्हतं, पण चपला घालत होते तेव्हा आई म्हणाल्या, “मीही येते, मला गवार बघायचीय.” गवार बाळकुमलाही मिळते. पण त्या रिक्षात बसल्या.

काउंटरवर माझ्याच वयाची मुलगी होती. तिने सगळं सांगितलं. फॅमिली प्लॅनमध्ये जोडलेल्या नंबरचं बिल मुख्य नंबराकडे जातं. कुणी किती डेटा वापरला ते तिकडे दिसतं. तो नंबर बंद करायचा की चालू ठेवायचा, तेही तिकडून. आणि मला माझ्या एकटीचं पोस्टपेड हवं असेल, तर माझं आधार कार्ड आणि माझी सही. नंबर तोच राहतो.

“दुसऱ्या कुणाला यावं लागतं का?” मी विचारलं.

“कशाला? नंबर तुमचाच आहे ना?”

मी उठत होते, तर आई खुर्ची पुढे ओढून बसल्या.

“आणि समजा, एखाद्या बाईचा नंबर पहिल्यापासून नवऱ्याच्या नावावर आहे. तिला तिच्या नावावर पाहिजे असेल तर?”

“होतो की, काकू. दोघांनी येऊन सही करायची.”

“त्यांनीपण?”

“आत्ता नाव त्यांचं आहे ना.”

“आणि तिने नवाच नंबर घेतला तर?”

“मग काही नाही. तिचं आधार आणि ती.”

“बरं,” आई म्हणाल्या. “बरं.” आणि काउंटरवरचा माहितीचा कागद घडी घालून पर्समध्ये टाकला.

हेमांगीताईंसाठी विचारत असाव्यात. वडिलांच्या नावावर म्हणायचं तर नवऱ्याच्या म्हणाल्या. रिक्षात मी तसं म्हणाले. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तू फार शिकलीस गं, पण घरीच.”

गवार घ्यायची राहिली.

बुधवार, १९ नोव्हेंबर

अपूर्वला सांगितलं. पोस्टपेड घेणार आहे, पण माझं मी, माझ्या नावावर.

“अगं, पण का? अण्णांच्या प्लॅनमध्ये तेच मिळतंय. स्पीड तोच. तूच मोजलंस.”

“हो.”

“माझा नंबर शाळेपासून त्यांच्या नावावर आहे. काय बिघडलं माझं?”

“काही नाही.”

“मग त्यांना उगाच वाईट का वाटू द्यायचं?”

तो चिडला नव्हता, हेच जास्त अवघड झालं. शेवटी म्हणाला, “बघ बाबा. सांगणार तू. मी तिथे नसेन.” मग थोड्या वेळाने, “म्हणजे असेन. पण बोलणार नाही.”

दिवसभर मनात अण्णांशी बोलत होते. प्रत्येक वेळी अण्णा मनात काहीतरी चांगलं बोलतात आणि मी ‘बरं, ठीक आहे, तुमच्या नावावर करू’ म्हणते. मनातसुद्धा हरते. दुपारच्या क्लासला एका मुलीने विचारलं, “मॅडम, तुम्ही कुणाशी बोलताय?”

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज सकाळी अण्णांनी कॅलेंडरवर रविवारच्या चौकोनात लिहिलं: ‘मैथिली – नंबर’. ते पाहिलं आणि समजलं की आता थांबलं तर रविवारी मी काउंटरवर सही करून मोकळी होईन, आणि घरी येऊन इथे लिहीन की सगळ्यांना विचारून ठरलं.

रविवारी तिथे, अनोळखी माणसांसमोर नाही म्हणणं म्हणजे अण्णांचा अपमान. ते मला करायचं नाही. म्हणून आदल्या दिवशी, घरात. अण्णा सकाळी चालून येतात, पायमोजे काढतात आणि पहिला चहा घेतात, त्या वेळी ते कुणावरही रागावत नाहीत. वाक्य तयार आहे: “अण्णा, मी पोस्टपेड घेतेय, पण माझ्या नावावरच ठेवतेय.” कारण विचारलं तर नेटवर्कचं सांगणार नाही. ते खोटं ठरलंय, आणि मीच ठरवलंय. म्हणेन, मला तसं हवंय. याहून चांगलं कारण पंधरा दिवस शोधलं, मिळालं नाही.

त्यांना वाईट वाटेल. तेही लिहून ठेवते, म्हणजे त्या वेळी दचकायला नको.

स्वयंपाकघरात आईंना सांगितलं. वाटलं होतं, त्या थांबवतील. त्यांनी गॅस बारीक केला आणि विचारलं, “निघायचं किती वाजता?”

“तुम्ही कशाला येता, आई? ऊन असतं. माझं मी करेन.”

“तुझ्यासाठी नाही येत मी,” त्या म्हणाल्या.

गवार राहिलीय ना परवाची. तिकडे ताजी मिळते म्हणतात.

तर शनिवार, २२ नोव्हेंबर. सकाळचा चहा झाला की अण्णांना सांगायचं, आणि गॅलरी उघडते त्या वेळेला खोपट.